बंदूक बाहेरच झोपते

थंडीत शिकारीची बंदूक कशी सांभाळायची हे मला आता सविस्तर माहीत आहे. या माहितीचा मला काडीचा उपयोग नाही. मी मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत राहते, ऑफिसात बसून आकडेमोड करते आणि घरात शिरलेली माशीसुद्धा खिडकी उघडून बाहेर घालवते. तरी नोव्हेंबरातला एक अख्खा वीकेंड मी मिनेसोटाच्या उत्तरेला, चार खांबांवर उभ्या केलेल्या एका लाकडी खोक्यात बसून काढला. जे तिकडे गेले नाहीत आणि जायची ज्यांना हौसही नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

गेले ती मामीसाठी. माझा मामेभाऊ मिलिंद डुलुथच्याही वर, तासाभराच्या अंतरावर राहतो. कागदाच्या कारखान्यात इंजिनियर आहे. मामी उन्हाळ्यात नागपूरहून त्याच्याकडे आली होती आणि आता तिची परत जायची वेळ झाली होती. त्याआधी येऊन जा, नाहीतर पुन्हा तोंड दाखवू नकोस, असा तिचा प्रेमळ फोन आला. मी मुकाट्याने तिकीट काढलं. त्याच शनिवार-रविवारी मिलिंद शिकारीला जाणार आहे, हे मला विमानतळावर उतरल्यावर कळलं.

शुक्रवार : डुलुथच्या वर

विमानतळावरून उत्तरेला निघालं की एका बाजूला ते अवाढव्य तळं लागतं. त्याला तळं म्हणायचं म्हणून म्हणायचं. पलीकडचा काठ दिसत नाही आणि लाटा चांगल्या दणादण आपटतात. दुसऱ्या बाजूला बर्चची पांढरी खोडं आणि त्यामागे सूचिपर्णी झाडांची काळी दाटी. बर्फ अजून घोट्याएवढाच होता, पण गारठा असा की मिलिंद पेट्रोल भरत होता तेव्हा मी काचेआडूनच त्याचं कौतुक केलं, खाली उतरले नाही. पंपावर जो तो नारिंगी. टोप्या नारिंगी, जॅकेटं नारिंगी, एका आजीबाईंचे हातमोजेदेखील नारिंगी. हरणांच्या मोसमात दुसऱ्या शिकाऱ्याने आपल्यालाच हरीण समजू नये म्हणून हा रंग घालतात. काउंटरवरच्या मुलीने मिलिंदला पैसे घेता घेता विचारलं, मिळालं का? आपल्याकडे गणपतीत ‘तुमच्याकडे किती दिवसांचा?’ विचारतात, त्या सहजपणे.

गाडीत मिलिंदने मला वॉल्टरची हकीगत सांगितली. वॉल्टर म्हणजे त्याचा शेजारी. तिकडे शेजारी म्हणजे अर्ध्या मैलावरचा. गावातल्या शाळेत गणित शिकवून रिटायर झालेला, बायको जाऊन काही वर्षं झालेली, मुलगी दूर अॅरिझोनात. मिलिंद नवा नवा तिथे गेला तेव्हा याच माणसाने त्याला बर्फात गाडी चालवायला शिकवलं, आणि मग शिकार. आता वॉल्टरला एकट्याने राहणं झेपत नव्हतं, म्हणून त्याने घर आणि मागची जंगलाची जमीन विकली. तो गावातल्या ज्येष्ठांच्या सोसायटीत राहायला चालला होता. तिथे बंदूक चालत नाही, म्हणून ऑगस्टमध्येच त्याने आपली रायफल मिलिंदला देऊन टाकली होती. घराच्या चाव्या सोमवारी द्यायच्या होत्या. म्हणजे शनिवार आणि रविवार, एवढेच त्याचे स्वतःच्या जमिनीवरचे शेवटचे शिकारीचे दिवस. त्याला त्या जमिनीवरचं एक हरीण हवं होतं. बाकी काही नको होतं.

“आणि रायफल तुझ्याकडे?” मी विचारलं.

“माझ्याकडे. पण हा वीकेंड ती त्याचीच, ताई. मी नुसता बरोबर जाणार.”

घरी पोहोचलो तर दारात मामी. काहून एवढी वाळली, तिकडे खायला मिळत नाही का, वगैरे पहिला हप्ता झाला. रात्री जेवायला वॉल्टर आला. उंच, किंचित वाकलेला, खिशात नेहमी पेन्सिल. मामी त्याला वॉल्टरभाऊ म्हणते. तिला इंग्रजी येत नाही, त्याला मराठी येत नाही, पण उन्हाळाभर दोघांची देवाणघेवाण उत्तम चाललेली. तो टोमॅटो आणि जंगली तांदूळ आणून द्यायचा, ती त्याला वडे आणि पाटवडीचा रस्सा द्यायची. रस्सा खाताना त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तो ताट पुढे करायचा. मामीला यापेक्षा जास्त इंग्रजीची गरज कधी वाटली नाही.

जेवण झाल्यावर वॉल्टरने पहिला प्रश्न विचारला तो रायफलचा. कुठे आहे ती? मिलिंद म्हणाला, तळघरातल्या कपाटात, कुलपात. वॉल्टरने मान हलवली. म्हणाला, आत्ताच बाहेर काढ आणि मागच्या शेडमध्ये कुलपात ठेव. बंदूक बाहेरच झोपते. मग गणिताचा मास्तर असल्याने त्याने मला कारण समजावलं. थंडीतून उबेत आलं की चष्म्यावर वाफ धरते, तशीच बंदुकीवर धरते, बाहेरून आणि आतूनही. पुन्हा थंडीत नेली की त्या पाण्याचा बर्फ होतो आणि ऐन वेळी काहीतरी अडकतं. म्हणून मोसमात तिला घराची ऊब दाखवायचीच नाही. गोळ्याही बाहेरच. आणि दुसरं म्हणजे तेल नको, थंडीत तेल घट्ट होतं. बंदूक कोरडी हवी. त्याने मिलिंदला विचारलं, सप्टेंबरात आपण नेम जुळवून पाहिला, त्यानंतर तू काही केलंस का? मिलिंद म्हणाला, हातसुद्धा लावला नाही.

मामी ताटं उचलत होती. मिलिंद रायफल घेऊन बाहेर निघालेला पाहून ती म्हणाली, “एवढ्या थंडीत काहून बाहेर ठेवून राहिला तिला?” जसं काही माहेरपणाला आलेली मुलगीच आहे.

शनिवार : मचाण

पहाटे उठून नारिंगी जॅकेट घातलं. मिलिंदचं होतं, त्यात माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या. थर्मामीटर शून्याच्या इतका खाली होता की मी आकडा दुसऱ्यांदा बघितला नाही. वॉल्टरच्या जमिनीत झाडीतून पायवाट जाते आणि एका छोट्या माळाच्या कडेला ते मचाण आहे. शिडी, वर खोका, खोक्याला तीन बाजूंनी उघडणाऱ्या खिडक्या, आत तीन खुर्च्या. कोपऱ्यात गॅसची छोटी शेगडी होती. मी तिच्याकडे आशेने बघितलं. मिलिंद कुजबुजला, ती फक्त जेवणाच्या वेळी. आत ऊब झाली की बंदुकीवरच्या दुर्बिणीच्या काचेवर वाफ धरते. म्हणजे बंदुकीला सोसतं तेवढंच माणसांनी सोसायचं. मी मनात या सगळ्या खेळाला चांगल्या नागपुरी शिव्या घातल्या.

वॉल्टर मात्र अगदी मजेत होता. त्याने रायफल खिडकीच्या चौकटीवर टेकवली. नळीच्या तोंडावर चिकटपट्टी लावलेली. आत बर्फ जाऊ नये म्हणून, असं त्याने खुणेने सांगितलं. मग गोळी कशी बाहेर जाणार, असं मीही खुणेनेच विचारलं. तो हसला आणि बोटाने पट्टी फाटल्याचा अभिनय केला. श्वास सोडताना तो दर वेळी तोंड बाजूला वळवायचा. त्या सवयीत इतक्या वर्षांचं वळण होतं की पाहत राहावंसं वाटलं.

उजाडलं. माळावरचं गवत पांढरं कडक झालेलं. चिकॅडी नावाचे चिमण्यांपेक्षा लहान पक्षी खिडकीपाशी येऊन आमची चौकशी करून गेले. पायांची बोटं आपली आहेत की नाहीत अशा विचारात मी होते, तेवढ्यात मिलिंदने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. पलीकडच्या झाडीतून हरीण बाहेर आलं होतं. नर, चांगला मोठा, शिंगांना फाटे फुटलेले. तो दोन पावलं टाकायचा, थांबायचा, पुन्हा दोन पावलं. वॉल्टरने गाल दस्त्याला टेकवला. मी कान झाकले. त्याने चाप ओढला.

टिक्. गजराच्या घड्याळाचं बटण दाबावं एवढाच आवाज.

हरणाने मान वर केली. वॉल्टर तसाच, नळी तिकडेच धरून, हलला नाही. नंतर मिलिंदने सांगितलं की कधी कधी गोळी उशिरा उडते, म्हणून थांबावंच लागतं, लगेच बंदूक उघडायची नसते. आम्ही थांबलो, हरीणही थांबलं. मग वॉल्टरने बोल्ट, म्हणजे बंदुकीच्या मागचा तो दांडा जो मागेपुढे सरकवून गोळी आत ढकलतात, तो मागे ओढला. त्या खटक्याने हरीण वळलं आणि फारशी घाई न करता झाडीत निघून गेलं.

हरीण वाचलं म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मला त्या म्हाताऱ्याकडे बघवेना.

वॉल्टरने बाहेर पडलेलं काडतूस उचललं आणि त्याचं बूड आम्हाला दाखवलं. चाप ओढल्यावर बोल्टमधली पिन जिथे आपटून गोळी उडवते, तिथे नखाने टोचल्याएवढी खूण होती. पिन पुढे आली होती, पण जोर नव्हता. तो एवढंच म्हणाला की आत काहीतरी साखळलंय, घरी जाऊन उघडू.

त्याचं गॅरेज म्हणजे खोक्यांचा डोंगर. हत्यारं कुठल्या खोक्यात बांधलीत हे त्याला आठवेना. ती शोधण्यातच दुपार गेली. अखेर पकड सापडली, शिकंजा सापडला, आणि त्याने बोल्ट उघडला. आतली स्प्रिंग आणि पिन पांढऱ्या, मेणासारख्या थराने माखलेली. वॉल्टर चक्रावला. असलं ग्रीस त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याने नखाने थोडं खरवडून तळहातावर घेतलं, तर ते बघता बघता वितळून पाण्यासारखं झालं. त्याने हात माझ्यापुढे धरला. मी वास घेतला आणि मला पुढचं सगळं कळलं. हिवाळ्यात बाटली शेगडीजवळ ठेवून केसांना लावायचं तेल ते. खोबरेल.

मिलिंदचा चेहरा बघण्यासारखा झाला. “दसरा,” तो म्हणाला, आणि खोक्यावर बसला.

दसऱ्याला मामीने रीतसर शस्त्रपूजा मांडली होती. त्यात विळी, कात्री, मिलिंदचा लॅपटॉप, स्क्रूड्रायव्हर आणि या वर्षी पहिल्यांदाच खरंखुरं शस्त्र. मिलिंदने सुरक्षित असावं म्हणून बोल्ट काढून रायफलशेजारी पाटावर ठेवला आणि कारखान्यातून फोन आला म्हणून गेला. झेंडू मिळाला नाही तेव्हा मामीने नारिंगी शेवंतीचा हार केला, हळदकुंकू वाहिलं. एवढ्यावर थांबली असती तर काही बिघडलं नसतं. पण आमच्या घरात पूजेआधी हत्यार पुसून त्याला तेल द्यायची पद्धत आहे. आणि बोल्ट ही वस्तू तर दिसायलाच अशी, की जिच्या घरी शिलाई मशीन आहे तिचे हात शिवशिवणारच.

मिलिंदने हे सगळं वॉल्टरला सांगितलं. दसरा म्हणजे काय, शस्त्र म्हणजे काय, लॅपटॉप का, विळी का. सांगताना तो शाळेतल्या पोरासारखा खाली बघत होता. वॉल्टरने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, फोटो आहे का? मिलिंदने फोन पुढे केला. हार घातलेली आपली रायफल तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला की इतकी वर्षं ती माझ्याकडे होती, मी हिला कधी फूल वाहिलं नाही. आणि मिलिंदला बजावलं, हे तुझ्या आईला सांगायचं नाही.

मग दोघांनी काम उरकलं. प्रत्येक तुकडा सॉल्व्हंटमध्ये बुडवून धुतला, कापसाच्या काड्यांनी भोकं पुसली, सगळं कोरडं केलं. वॉल्टरने खिशातली पेन्सिल काढली, चाकूने शिसं किसलं आणि ती काळी पूड पिनला चोळली. तेलाऐवजी हेच, कारण हे गोठत नाही. रायफल पुन्हा शेडमध्ये गेली. तासाभराने, ती चांगली गार झाल्यावर, रिकाम्या बंदुकीचा चाप ओढून बघितला. या वेळी खाट् असा कोरडा, खणखणीत आवाज आला. पण तोवर बाहेर अंधार पडला होता आणि शनिवार संपला होता.

मिलिंदच्या पोटात काही राहत नाही, हे सगळ्या खानदानाला ठाऊक आहे. मामीने वाढता वाढता विचारलं, काहून तोंड पाडून बसले सगळे? आणि याने भडाभडा सांगून टाकलं. मामीने हातातला डाव खाली ठेवला.

“मी तर जिथं जिथं हलते, तिथं तिथं तेल टाकलं,” ती म्हणाली. “चांगलं व्हावं म्हणूनच टाकलं ना रे.”

आम्ही दोघांनी तिची पुष्कळ समजूत काढली. उद्याचा दिवस आहे, बंदूक आता ठीक आहे, वॉल्टर रागावलेला नाही. तिने मान डोलावली, पण ताट तसंच सारलं. त्याचं शेवटचं हरीण माझ्या तेलानं गेलं, हे एकच वाक्य ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

रविवार : पुन्हा मचाण

पहाटे वॉल्टर मिलिंदकडे आला, तेव्हा मामी पदर खांद्यावर घेऊन देवापुढे बसली होती. एरवी ती त्याच्या हातात चहाचा कप द्यायची. आज कप ओट्यावर ठेवला होता, आणि तिने मान वर केली नाही. वॉल्टरने कप उचलला, तिच्या पाठीकडे बघितलं, मग मिलिंदकडे. मिलिंदने खांदे उडवले. सांगितलंस ना, असं वॉल्टर म्हणाला नाही, पण त्याच्या तोंडावर ते स्पष्ट लिहिलेलं होतं.

निघताना मामीने मला हळूच विचारलं, “आज उडंल ना गं ती?” मी म्हटलं, उडेल. मला काय ठाऊक होतं कपाळ.

रविवारबद्दल सांगण्यासारखं फार नाही. आम्ही बसलो. चिकॅडी आले, एक खार आली, दुपारी एक कोल्हा माळ ओलांडून गेला, कामावर निघालेल्या माणसासारखा, इकडेतिकडे न बघता. मामीने दिलेल्या पोळ्या आणि भाजी गोठून पुठ्ठ्यासारखी झाली होती. ती आम्ही गॅसवर गरम करून खाल्ली आणि गॅस लगेच बंद केला. वॉल्टरने अधूनमधून जागेची माहिती दिली. तिथे बायकोने जांभळासारखी बेरी लावली होती, तिथे मुलगी झाडावरून पडली होती. आवाजात काही चढउतार नव्हता. एखादा माणूस खोलीतलं सामान मोजून दाखवतो तसं तो सांगत होता.

सूर्य झाडांमागे गेला. कायद्याने शिकारीची वेळ सूर्यास्तानंतर थोड्या वेळाने संपते, मग एकही गोळी झाडायची नाही, आणि मिलिंदच्या म्हणण्याप्रमाणे हरणं बाहेर पडतात ती याच शेवटच्या उजेडात. तिघेही ताठ बसलो. झाडीत काटकी मोडली. एकदा, मग पुन्हा. मिलिंदने माझ्याकडे बघितलं. काहीतरी येत होतं खास, पण अजून दिसत नव्हतं.

वॉल्टरने घड्याळ पाहिलं. मग अगदी हळू आवाजात मिलिंदला विचारलं, “घरी गेल्यावर तुझी आई काय विचारेल?”

मिलिंद म्हणाला, “बंदूक उडाली का, एवढंच.”

वॉल्टरने थोडा विचार केला. झाडीकडे बघितलं. मग रायफल उचलली, नळी माळाच्या कडेच्या मातीच्या उंचवट्याकडे वळवली, तोंड बाजूला करून श्वास सोडला आणि चाप ओढला.

असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. खोका हादरला, उंचवट्यावरची माती उडाली, झाडीत जे काही होतं ते काड्या मोडत धावत सुटलं. मी मराठीतच ओरडले, “अहो, वेळ होता की अजून!” माझ्या कानात शिट्टी वाजत होती आणि मला रडू येत होतं, आणि दोन्हीचा मला राग आला.

वॉल्टरने रिकामं काडतूस काढलं, उरलेल्या गोळ्या काढून खिशात टाकल्या, खिडक्या एकेक करून लावल्या. शिडी उतरताना मिलिंदने त्याचा हात धरला. 

मामी दारातच उभी होती. कोंबडीचा रस्सा उकळल्याचा वास बाहेरपर्यंत आलेला. वॉल्टर बुटांवरचा बर्फ झटकत होता.

“उडाली?” मामीने विचारलं.

“उडाली, आई. मस्त उडाली,” मिलिंद म्हणाला.

मामीने डोळे मिटून हात जोडले. मग डोळे उघडले आणि आमच्यामागे अंगणात, गाडीच्या टपाकडे पाहिलं. “मग हरीण कुठाय?”

 मिलिंदने माझ्याकडे बघितलं, मी जोड्यांकडे बघितलं. वॉल्टरने विचारलं, काय म्हणतात त्या? मिलिंदने सांगितलं.

“त्यांना सांग,” वॉल्टर म्हणाला, “माझा नेम चुकला.”

मिलिंदने सांगितलं. मामीने शनिवारपासून पहिल्यांदा मान वर करून वॉल्टरच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग पुढे होऊन त्याच्या हातातली टोपी घेतली, खुंटीला लावली आणि खुर्ची ओढली.

“असू द्या, भाऊ,” ती म्हणाली. “वयानं होते असं. बसा, गरम आहे तोवर जेवून घ्या.”